सुनेच्या माथी येणारा दोष
(माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: बेळगाव जिल्ह्यातला खानापूर तालुका. भाताची खाचरं, कौलारू घरं, ओसरीवर बसलेल्या बाया.]

बाळाचा वरचा ओठ फाटलेला आहे असं कळलं, की घरातला पहिला सवाल बाळाबद्दल नसतो. तो बाळंतिणीला असतो. ग्रहण पाळलं होतंस का? विळीवर बसली होतीस का? सुई-दोरा कुणी घ्यायला सांगितला होता? खानापूरच्या जंगलाकडच्या गावांपासून निपाणीच्या पेठेपर्यंत, घर मराठी असो की कानडी, हा सवाल ठरलेला. बाळंतीण अंथरुणावर पडल्या पडल्या नऊ महिने आठवत राहते. आणि आठवायला बसलं की काहीतरी सापडतंच. नऊ महिन्यांत विळीला हात न लावलेली बाई आपल्या मुलखात कुठून मिळणार?

26 डिसेंबर 2019 ला सूर्यग्रहण होतं. मंगळूरकडे कंकणाकृती दिसलं, बेळगावात आणि पलीकडे कोल्हापुरात खंडग्रास. त्या दिवशी हजारो गरोदर बाया दारं-खिडक्या लावून, न खाता-पिता, न हलता बसून राहिल्या. कुणाला पाचवा महिना होता, कुणाला आठवा. पण बाळाचा वरचा ओठ गर्भ राहिल्यापासून सातव्या आठवड्याच्या आत जुळून झालेला असतो. पाचव्या महिन्यातलं ग्रहण त्या ओठाचं काय करणार? ओठ किंवा टाळू दुभंगलेली बाळं आपल्या देशात दर वर्षी जन्मतात. साधारण सातशे ते हजार जन्मांमागे एक. ग्रहणाच्या वर्षीही आणि बिनग्रहणाच्या वर्षीही.

मग हे होतं कशानं? या माहितीपटात आम्ही त्याच सवालाच्या मागे गेलो आहोत. उत्तर एका वाक्यात बसत नाही. पण ते एकट्या सुनेच्या माथी मारता येत नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

[दृश्य: रेखाचित्र. गर्भाचा चेहरा आठवड्या-आठवड्यानं घडताना.]

चेहरा एका तुकड्यातून घडत नाही. कपाळाकडून नाकाचा भाग खाली उतरतो, दोन्ही गालांकडून दोन भाग मधे सरकतात, आणि नाकाखाली त्यांची गाठ पडते. आपल्या प्रत्येकाच्या नाकाखाली जी उभी पन्हाळ असते, तिच्या दोन्ही कडांवर हे सांधे जुळलेले असतात. सरकणाऱ्या पेशींना कधी निघायचं, कुठं थांबायचं, कुणाला चिकटायचं, याचा हुकूम जनुकं देतात. आणि तो हुकूम पाळायला लागणारा शिधा आईच्या रक्तातून येतो. हुकुमात खोट असली तरी सांधा राहून जातो आणि शिधा कमी पडला तरीही. बहुतेक वेळा दोन्हीकडे थोडं थोडं कमी असतं.

एकसारख्या जुळ्यांकडे बघा. दोघांची जनुकं तीच, गर्भाशय तेच. एकाचा ओठ दुभंगलेला असेल, तर दुसऱ्याचाही तसाच असण्याचं प्रमाण साधारण निम्म्या जोड्यांत. सगळं जनुकांवर असतं, तर ते शंभरातल्या शंभर जोड्यांत दिसलं असतं. जनुकांचा काही संबंधच नसता, तर वेगळ्या चेहऱ्याच्या जुळ्यांतही तेवढंच दिसलं असतं. तिथं ते शंभरात पाचाच्या आसपास आहे.

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. औषधाच्या बाटल्या, आखूड हातांची मुलं.]

या दोन वाटा कुठं येऊन मिळतात, ते जगाला एका औषधानं शिकवलं. फार मोठी किंमत घेऊन शिकवलं. 1957 साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाची झोपेची गोळी बाजारात आली. निर्धोक आहे म्हणून चिठ्ठीशिवाय मिळायची. गरोदर बायांना सकाळची मळमळ थांबवायलाही दिली जायची. 1961 च्या अखेरीस ती मागे घेतली, तोवर वेगवेगळ्या देशांत दहा हजारांच्या वर बाळं आखूड हातापायांची जन्मली होती. कुणाचा पंजा थेट खांद्यालाच फुटलेला.

गोळीचा घाव बसायचा तो ठरावीक दिवसांतच. गर्भ राहिल्यापासून साधारण विसाव्या ते छत्तिसाव्या दिवसापर्यंत. त्यानंतर घेतली तर हात शाबूत. त्या दिवसांत घेतलेली एक गोळीही पुरायची.

आणि आणखी एक कोडं होतं. हीच गोळी गाभण उंदरांना दिली, तर पिल्लं धडधाकट. याचा उलगडा व्हायला पन्नास वर्षं लागली. 2010 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी ही गोळी शरीरातल्या कोणत्या प्रथिनाला चिकटते ते शोधून काढलं. 2018 मध्ये कळलं, की चिकटल्यावर ती एसएएलएल4 नावाचं दुसरं प्रथिन मोडीत काढते, आणि हात घडवायला तेच प्रथिन लागतं. उंदराच्या प्रथिनाची घडण किंचित वेगळी, म्हणून तिथं गोळी लागू पडत नाही. आता पुढची गोष्ट नीट ऐका. ज्यांच्या हे प्रथिन घडवणाऱ्या एसएएलएल4 या जनुकातच बिघाड असतो, अशीही माणसं आहेत. त्यांच्या आयांनी कसलीही गोळी घेतलेली नसते. तरी त्यांचे हात थॅलिडोमाइडच्या मुलांसारखे आखूड, अंगठा नसलेले असू शकतात. एका घरात जनुक, दुसऱ्या घरात औषध, आणि तुटलेली कडी एकच. नुसता हात बघून चांगले डॉक्टरसुद्धा फसले आहेत. मग शेजारीण कुठल्या आधारावर निकाल देते?

[दृश्य: बेळगाव. लग्नाचा मांडव, मुंडावळ्या बांधलेलं जोडपं.]

आता नात्यातल्या लग्नांकडे येऊ. हा विषय आमच्याकडे नाजूक आहे. मामाच्या पोरीवर भाच्याचा हक्क, असं आपल्याकडे कौतुकानं म्हणतात. सीमेवरच्या कानडी घरांत काही ठिकाणी मामा-भाचीचंही लग्न लागतं. कर्नाटकात साधारण चारातलं एक लग्न नात्यातलं असतं, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून दिसलं आहे. जमीन घरात राहते, मुलगी ओळखीच्या घरी पडते, हुंड्याची घासाघीस कमी होते. या कारणांना लोकांच्या लेखी वजन आहे, ती हसण्यावारी नेण्यासारखी नाहीत.

पण रक्ताचा हिशेब वेगळा चालतो. प्रत्येक माणसात काही जनुकं बिघडलेली असतातच. जोडीतलं दुसरं चांगलं असतं म्हणून ती दबून राहतात, आयुष्यभर पत्ता लागत नाही. आते-मामे भावंडांचा आजा-आजी एकच, म्हणून त्यांच्या जनुकांचा आठवा हिस्सा सारखा असतो. मामा-भाचीचा चौथा. नवरा-बायको दोघांकडे तेच बिघडलेलं जनुक असलं, तर दर खेपेला चारात एक शक्यता, की बाळाच्या वाट्याला दोन्ही बिघडलेली येतील. काही घरांत मुकी-बहिरी मुलं पाठोपाठ जन्मतात, त्यामागे पुष्कळदा हा हिशेब असतो.

यातही धाक घालायचं कारण नाही. कुठल्याही शंभर बाळांत दोन-तीन बाळं ठळक व्यंग घेऊन येतात. आते-मामे जोडप्यांत त्यात आणखी दोन-तीनांची भर पडते. म्हणजे बहुतेकांची मुलं ठणठणीत. पिढ्यान्‌पिढ्या त्याच दोन घरांत देणं-घेणं चाललं असेल, तर मात्र धोका चढत जातो. आणि अशा घरात दोष दोघांकडूनही आलेला असतो, अर्धा नवऱ्याकडून, अर्धा बायकोकडून. तरी टाकून दिली जाते ती बायको. दुसरं लग्न होतं ते नवऱ्याचं. हे चूक आहे, आणि हे आम्ही कॅमेऱ्यासमोर तसंच म्हणतो.

[दृश्य: निपाणी. अरुंद खोली, उंबऱ्याजवळ उजेडात बसलेल्या बाया. सुपाचा जवळून घेतलेला शॉट.]

निपाणी. 1981 साली तंबाखूच्या दरासाठी शेतकरी रस्त्यावर बसले, ते हे गाव. मांडीवर सूप, सुपात तंबाखूची भुकटी. भिजवलेलं पान पत्र्याच्या मापानं कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, बोटांनी वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. हात बघेपर्यंत एक विडी तयार. बाजूला तान्हं बाळ त्याच हवेत झोपलेलं. तंबाखू सोडा म्हणावं, तर उत्तर तयार आहे: पोट कशावर भरायचं ओ अक्का?

तंबाखूतलं निकोटिन कातडीतूनही अंगात शिरतं. ओल्या पानांत राबणाऱ्यांना त्यानं गरगरतं, उलट्या होतात. शिवाय या भागात बाया मिश्री लावतात, सकाळी आणि पुष्कळदा दिवसातून दोन-तीनदा. मुंबईतल्या बायांच्या पाहणीत, गरोदरपणी मिश्रीसारखी तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी शंभर ग्रॅमनं हलकी निघाली आणि दिवस भरण्याआधी जास्त जन्मली. ओठ-टाळूचं म्हणाल, तर पहिल्या तीन महिन्यांत आईनं धूम्रपान केल्यास ते दुभंगण्याचा धोका वाढतो, असा निष्कर्ष अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या आरोग्यप्रमुखाच्या, 2014 च्या अहवालात दिला आहे. हे अभ्यास ओढणाऱ्या आयांवर झाले. सुपाशी बसून वळणाऱ्या आयांवर त्या मानानं फार थोडे. ज्यांच्या अंगावर तंबाखू रोज उडते, त्यांच्याकडे शास्त्रानंही उशिराच पाहिलं. तोवर निदान एवढं करता येतं: पाळी चुकली की वळणं थांबवून कापणी-बांधणीपुरतं काम घ्यायचं, खोलीत वारा खेळता ठेवायचा, हात धुतल्याशिवाय तोंडाला काही लावायचं नाही, मिश्री बंद. आणि हे त्या बाईनं एकटीनं करायचं नाही. काम वाटून देणाऱ्यानं ते बदलून दिलं पाहिजे.

[दृश्य: अंगणवाडी. भिंतीवर कानडी तक्ते, बाकावर बसलेल्या गरोदर बाया, हातात तायी कार्ड.]

आता या सगळ्या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा भाग.

बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू आधी नळीसारखे घडतात. ही नळी गर्भ राहिल्यापासून अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत दोन्ही टोकांना मिटते. खालचं टोक उघडं राहिलं, तर पाठीवर फोड घेऊन बाळ जन्मतं, पाय लुळे पडतात, लघवी-संडासचा ताबा राहत नाही. वरचं टोक उघडं राहिलं, तर बाळ जगत नाही.

आपल्याकडचा रिवाज आठवून बघा. पाळी चुकली की बाई आठ-पंधरा दिवस वाट बघते. मग सासूच्या कानावर घालते. तीन महिने होईतो बाहेर सांगू नये, असा संकेत. मग कधीतरी आशाताईला कळतं, नोंद होते, तायी कार्ड म्हणजे गरोदर बाईच्या नोंदीचं कार्ड मिळतं, गोळ्या मिळतात. पाळी चुकून पंधरा दिवस झाले, त्याच सुमाराला ती नळी मिटून झालेली असते. म्हणजे गोळी हातात पडते तेव्हा त्या कामाची वेळ टळून गेलेली असते. पुढची लोह-फॉलिक अ‍ॅसिडची गोळी रक्तासाठी लागतेच, ती सोडायची नाही. पण मज्जारज्जूसाठी फॉलिक अ‍ॅसिड लागतं ते दिवस जाण्याच्या आधी. रोज 400 मायक्रोग्रॅम, निदान महिनाभर आधीपासून.

या जीवनसत्त्वाचा माग पहिल्यांदा आपल्या मुंबईतच लागला. ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर 1928 साली मुंबईत आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायांचं रक्त का आटतं, हे त्या शोधत होत्या. हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करताना त्यांना दिसलं, की यीस्टच्या अर्कानं या बाया बऱ्या होतात. 1931 मध्ये त्यांनी ते छापलं. त्या अर्कातला पदार्थ म्हणजेच फॉलिक अ‍ॅसिड, हे पुढं दहा वर्षांनी कळलं. आणि 1991 मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं सात देशांतल्या बायांवरच्या चाचणीचा निकाल दिला. आधी ही नळी उघडी राहिलेलं बाळ झालेल्या आयांनी गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक अ‍ॅसिड घेतलं, तर पुन्हा तसं होण्याचं प्रमाण 72 टक्क्यांनी घटलं.

इथंही जनुकं आहेतच. एमटीएचएफआर नावाचं एक जनुक फोलेट, म्हणजे अन्नातलं हेच जीवनसत्त्व, कामाला लावतं. काही लोकांत त्याचा मंद प्रकार असतो. पोटात फोलेट भरपूर असेल तर मंद जनुकानंही निभावून जातं. ताटात पालेभाजी-डाळ कमी पडली, की तेच जनुक नडतं. जनुक बदलता येत नाही. ताट बदलता येतं. येळ्ळूर-शहापूर-वडगावच्या काळ्या शिवारात पिकणारा मसूर, हरभऱ्याची कोवळी भाजी, मेथी, पालक, चवळी, शेंगदाणे, या सगळ्यांत फोलेट आहे. पण सगळ्यांना वाढून उरलेलं जिच्या ताटात पडतं, तिच्यापर्यंत मसुराची आमटी पोचते का, हे प्रत्येक घरानं आपलं आपण बघावं.

[दृश्य: सुपात रेशनचा तांदूळ. बोटं काही वेगळे दाणे वेचून बाजूला टाकतात.]

हे दाणे बघा. रेशनच्या तांदळात किंचित पिवळट, जरा वेगळे दिसणारे. प्लास्टिकचा तांदूळ आला म्हणून गावोगाव बोभाटा झाला आणि बाया ते वेचून टाकू लागल्या. ते प्लास्टिक नाही. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी12 मिसळून केलेले ते दाणे आहेत, शंभर दाण्यांमागे एक. 2024 पर्यंत देशभरच्या रेशनमधून असा तांदूळ पोचला. ज्या मुलीला लग्नानंतर उपयोगी पडावा, तोच दाणा माहेरी वेचला जातो, कारण दुकानदारानं पोतं उघडताना कुणाला चार शब्द सांगितले नाहीत.

गर्भ राहण्याआधीचं खाणं किती मोलाचं आहे, याचा एक पुरावा तर बेळगावचाच आहे. इथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधकांनी उत्तर कर्नाटकातल्या खेड्यांत, आणि त्याच वेळी काँगो, ग्वाटेमाला व पाकिस्तानात इतरांनी, बायांना गर्भ राहण्याच्या तीन महिने आधीपासून पोषक पूरक आहार दिला. 2019 मध्ये निष्कर्ष आले. असा आहार मिळालेल्या आयांची बाळं जन्मताना, तो न मिळालेल्यांच्या बाळांपेक्षा लांबीनं जास्त भरली.

[दृश्य: बाजाराच्या कडेला जडीबुटीची पथारी. विक्रेत्याचा चेहरा दिसत नाही.]

एका गोष्टीवर मात्र आवाज चढवून बोलायला हवं. मुलगा व्हावा म्हणून दिली जाणारी औषधं. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, काळ्या गाईच्या दुधातून घ्यायची, कुणाला न सांगता. मुलगा की मुलगी हे गर्भ राहिला त्याच क्षणी, बापाच्या बीजावरून ठरून गेलेलं असतं. दीड महिन्यानंतरची कुठलीही पुडी ते फिरवू शकत नाही. उलट ती पुडी पोटात जाते ती नेमक्या अवयव घडण्याच्या दिवसांत. हरियाणात झालेल्या अभ्यासात, व्यंग असलेल्या बाळांच्या आयांनी अशी औषधं घेतल्याचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त आढळलं. अशी पुडी सुनेच्या हातावर ठेवणारं घर आपल्याच नातवाच्या जिवाशी खेळतं.

फिटच्या औषधांचं याच्या उलट आहे. व्हॅलप्रोएट नावाच्या गोळीनं बाळाच्या मज्जारज्जूला धोका असतो हे खरं, पण भीतीनं गोळी एकाएकी बंद केली तर फिट येऊन आई आणि बाळ दोघांवर बेतते. मूल हवंसं वाटलं की आधीच डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घ्यायची. वाढलेल्या साखरेचंही तसंच. गर्भ राहण्याआधी ती ताब्यात आली, तर बाळाच्या हृदयाचा धोका घटतो.

[दृश्य: लसीकरण शिबिर. चंदगड-बेळगाव रस्त्यावरची एसटी.]

रुबेलाचा ताप आईला कळतही नाही, अंगावर पुरळ येऊन तीन दिवसांत जातो. 1941 मध्ये सिडनीतल्या नॉर्मन ग्रेग या डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या 78 बाळांच्या आयांची चौकशी केली. जवळजवळ सगळ्यांना गरोदरपणाच्या सुरुवातीला हा ताप येऊन गेलेला. गोवर-रुबेला लसीची मोहीम कर्नाटकात फेब्रुवारी 2017 मध्ये झाली, महाराष्ट्रात 2018 च्या अखेरीस. त्या वेळी पंधराच्या आतल्या मुली आज सासरी नांदायला लागल्या आहेत. चंदगडची लेक बेळगावात येते, निपाणीची गडहिंग्लजला जाते. लस घेतल्याची खूण कुठल्या राज्याच्या कार्डावर आहे ते शोधा. सापडत नसेल, तर दिवस जाण्याआधी लस टोचून घ्यायची आणि पुढं महिनाभर गर्भ राहू द्यायचा नाही. गरोदरपणी ही लस देत नाहीत.

[दृश्य: दवाखान्याचा बाकडा. आईच्या मांडीवर बाळ. डॉक्टरांचा हात बाळाच्या पावलावर.]

एवढं सगळं सांभाळूनही व्यंग असलेलं बाळ जन्मू शकतं. अमेरिकेतल्या युटा राज्यात 2005 ते 2009 या वर्षांत जन्मलेल्या, मोठं व्यंग असलेल्या साडेपाच हजार बाळांचे कागद तज्ज्ञांनी तपासले. नेमकं कारण सापडलं पाचातल्या एकाचं. ज्या देशात इतक्या तपासण्या होतात, तिथं पाचातल्या चार घरांना डॉक्टर कारण सांगू शकले नाहीत. आपल्या ओसरीवर मात्र ते पाच मिनिटांत सांगून होतं.

उपचार आहेत. आत वळलेलं पाऊल जन्मल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच दाखवलं, तर दर आठवड्याला थोडं थोडं फिरवून प्लास्टर घालतात. आई बाळाला पाजत असते, डॉक्टर अंगठ्यानं घोट्याजवळचं हाड दाबून पाऊल हळूहळू बाहेर आणतात, रडं नाही की काही नाही. पाच-सात प्लास्टरांनी पाऊल सरळ येतं. मग खरी परीक्षा. झोपताना घालायचे बूट चार-पाच वर्षं चालवायचे असतात, आणि पाय सरळ दिसला म्हणून बरीच घरं ते मधेच सोडतात. पाऊल पुन्हा वळतं.

दुभंगलेला ओठ तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात शिवतात, टाळू साधारण वर्षाच्या आसपास. तोवर बाळ जगवायचं असतं. टाळू उघडी असेल तर बाळाला ओढून पिता येत नाही, आणि दूध पीत नाही म्हणून ते खंगत जातं. बाळाला बसल्यासारखं उभं धरून, काढलेलं दूध बोंडल्यानं थोडं थोडं पाजायचं. आजीच्या फडताळातलं बोंडलं उकळून घेतलं की काम भागतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली 2013 पासून अशा मुलांची तपासणी आणि उपचार मोफत आहेत. आशाताई किंवा अंगणवाडीताईला सांगितलं, की त्या जिल्हा रुग्णालयाची वाट दाखवतात.

राहिलं पुढचं बाळ. एक मूल ओठ दुभंगलेलं झालं, तर दुसऱ्यालाही तसं होण्याची शक्यता शंभरात चारच्या आसपास असते. आधीच्या बाळाच्या पाठीवर फोड असेल, तर पुढच्या खेपेला फॉलिक अ‍ॅसिडची नेहमीची गोळी पुरत नाही. त्याच्या दहापट ताकदीची लागते, डॉक्टरांच्या चिठ्ठीनं, दिवस जाण्याच्या महिना-दोन महिने आधीपासून तिसरा महिना संपेपर्यंत. म्हणजे या भेटीची वेळ पाळी चुकण्याच्या आधीची आहे. तिथं नवरा-बायको दोघांनी जायचं. डॉक्टर दोन्ही घरांची पिढीवार माहिती विचारतात, कोण कुणाचं काय लागतं ते कागदावर मांडतात, आणि गरज पडली तर रक्त दोघांचंही घेतात.